पाडरची नीलखाण आणि रत्नांच्या स्थलनिर्देशाचा प्रश्न

आमच्या संग्रहीं रत्नपरीक्षेची एक लहान पोथी आहे. पत्रें एकोणीस, अक्षर बाळबोध व सुवाच्य. शेवटचें पत्र गहाळ असल्यामुळें लेखनकाल व लेखकाचें नांव कळत नाहीं. पाठ बहुतेक ठिकाणीं गरुडपुराणांतील रत्नाध्यायांशीं जुळतो, म्हणून ग्रंथ या दृष्टीनें तिचें मोल फारसें नाहीं. परंतु इंद्रनीलाच्या परीक्षेचे श्लोक ज्या पत्रावर आहेत, त्याच्या उजव्या समासांत कोणी तरी मोडी अक्षरांत, काश्मिरी नीळ सर्वांत श्रेष्ठ, अशा अर्थाची एक ओळ लिहून ठेवली आहे. पोथीचें वळण पाहून आम्हीं ती पेशवाईच्या उत्तरार्धांतील ठरविली, समासांतील ओळही त्याच काळची मानली, आणि काश्मिरांतील नीलमणि अठराव्या शतकांत महाराष्ट्रांतील जवाहिऱ्यांस ठाऊक होता, असें प्रतिपादन करणारें एक टिपण कांहीं वर्षांपूर्वीं एका सभेंत वाचलें. सभेंत कोणी शंका घेतली नाहीं. पुढें दोघां-तिघांनीं तें आपापल्या लेखांत आधार म्हणून घेतलें.

तें टिपण चुकीचें होतें. चूक कशी झाली व ती कोणत्या पुराव्यानें उघड झाली, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. तें सांगावयाचें तर ज्या डोंगरांत हा मणि निघाला त्या डोंगराचीच हकीकत प्रथम द्यावी लागते. कारण या प्रकरणीं पोथीपेक्षां डोंगराची साक्ष अधिक बलवत्तर ठरली आहे.

१. कुरुविंद व कुरुंद

माणिक व नीलमणि हीं दोन्ही रत्नें एकाच खनिजाचीं रूपें होत. त्या खनिजास आपल्याकडे कुरुंद म्हणतात. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांस व रत्नें घासणाऱ्या कारागिरांस हा दगड पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. त्याची पूड लाखेंत मिसळून शाण करीत असत. काठिण्यांत हिऱ्याच्या खालोखाल याचाच क्रम लागतो. त्याची घटना अगदीं साधी, म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन परमाणु व प्राणवायूचे तीन, एवढीच आहे. शुद्ध असतां तो वर्णहीन असतो. क्रोमियमचा अल्प अंश त्यांत शिरला म्हणजे तो तांबडा होतो व त्यास माणिक हें नांव मिळतें. लोह व टायटेनियम हे दोन्ही शिरले म्हणजे निळा होतो व तोच नीलमणि.

संस्कृतांतील कुरुविंद शब्द या दगडाचाच वाचक आहे, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. अमरकोशांत कुरुविंद म्हणजे मोथा, ही गोष्ट विद्यार्थ्यांस पाठ असते. रत्नशास्त्रांत मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत पद्मरागाची उत्पत्ति सौगंधिक, कुरुविंद व स्फटिक या तिहींपासून सांगितली आहे. तेथें कुरुविंद हा स्पष्टपणें पाषाणविशेष आहे. तमिळांतील कुरुंदम् हें याचेंच भावंड होय, आणि यूरोपीय भाषांत या खनिजाचें जें नांव रूढ झालें आहे तें दक्षिण हिंदुस्थानांतूनच तिकडे गेलें. चार्ल्स ग्रेव्हिल यानें इ. स. १७९८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत आशियांतील कुरुंदावर निबंध प्रसिद्ध केला, व कौंट बूर्नों यानें १८०२ सालीं स्फटिकांचीं रूपें मोजून माणिक, नीलम व ओबडधोबड कुरुंद हे एकाच जातीचे आहेत हें सविस्तर दाखविलें. फ्रान्समध्यें रोमे द लील यास याची जाणीव १७८३ च्या सुमारासच झाली होती.

येथें आपल्या जुन्या परीक्षकांच्या नजरेचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. गरुडपुराणांत इंद्रनीलाच्या प्रकरणीं स्पष्ट म्हटलें आहे कीं, पद्मरागाचे जसे तीन जातिभेद तसेच इंद्रनीलाचेही समजावे, आणि ज्या कसोट्यांनीं पद्मराग पारखावयाचा त्याच कसोट्या इंद्रनीलासही लावाव्या. रंगानें एक अग्नीसारखा व दुसरा मेघासारखा. तरी दोघांचा धर्म एक, हें त्यांनीं हातानें व डोळ्यानें ओळखलें होतें. त्याच प्रकरणीं आणखी एक सूचना आहे: परीक्षेकरितां किंवा गुण वाढविण्याकरितां मणि कधींही अग्नींत घालूं नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिके नीलमणि भट्टींत तापवून त्यांचा रंग खुलविण्याचा धंदा सिंहल व सयाम या देशांत मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि न तापविलेला खडा महाग झाला. पुराणांतील निषेध वाचतांना असें वाटतें कीं, ही युक्ति तेव्हांही कोणी तरी करीत असलेच पाहिजेत; जें कोणी करीतच नाहीं त्याचा निषेध शास्त्रकार सहसा करीत नाहींत.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या कोशाध्यक्षप्रकरणांत नीलाचे आठ प्रकार आले आहेत. त्यांत कलायपुष्पक म्हणजे वाटाण्याच्या फुलासारखा, जांबवाभ म्हणजे जांभळाच्या रंगाचा, जीमूतप्रभ म्हणजे मेघाच्या कांतीचा, अशीं नांवें आहेत. हे सर्व भेद रंगावरून केलेले आहेत. खाणीवरून केलेला त्यांत एकही नाहीं.

२. स्थलांच्या याद्या

रत्नें कोठें उत्पन्न होतात हें सांगणाऱ्या याद्या मात्र इतर ग्रंथांत पुष्कळ आहेत, आणि आमची पहिली चूक त्या याद्या वाचण्याच्या रीतींत आहे. गरुडपुराणांतील कथा प्रसिद्ध आहे. बलासुराच्या देहापासून रत्नें झालीं. त्याचे नेत्र सिंहलद्वीपीं पडले व त्यांचे इंद्रनील झाले. कथेचा भाग सोडून दिला तरी सिंहलाचा निर्देश अक्षरशः खरा आहे. तेथील नद्यांच्या गाळांत आजही नीलमणि सांपडतात.

यावरून सर्वच स्थलनिर्देश असेच खरे असतील, असें मानण्याकडे मन झुकतें. पण बृहत्संहितेंतील हिऱ्यांची यादी पाहावी. तींत वेणातट, कोशल, सौराष्ट्र, कलिंग, पौंड्र यांच्याबरोबर शूर्पारक व हिमवान् हींही हिऱ्यांचीं स्थानें दिलीं आहेत. शूर्पारक म्हणजे आपल्या वसईजवळचें सोपारें. तेथील भूमि काळ्या कातळाची आहे, व त्या कातळांत हिरे असत नाहींत. परंतु सोपारें हें प्राचीन काळीं पश्चिम किनाऱ्यावरील नांवाजलेलें बंदर होतें. ग्रीक नाविकांच्या वर्णनांतही तें आलें आहे. तेव्हां शूर्पारकाचा हिरा म्हणजे शूर्पारकाच्या बाजारांत मिळणारा हिरा, हाच अर्थ संभवतो. हिमवंताचा हिराही असाच कोणत्या तरी वाटेनें आलेला असावा. सारांश, जुन्या याद्यांतील गांव कधीं खाणीचें असतें, कधीं पेठेचें असतें; आणि यादी स्वतः तें सांगत नाहीं.

वर उल्लेखिलेल्या ग्रंथांत नीलाचें स्थान म्हणून काश्मीर कोठेंच येत नाहीं. आम्हीं टिपण लिहिलें तेव्हां ही गोष्ट आमच्या लक्षांत आली होती. पण समासांतील ओळ ही ग्रंथकारांस अज्ञात असलेली व्यापारी माहिती असावी, अशी समजूत करून घेऊन आम्ही पुढें गेलों.

३. पाडर प्रांत

ज्यास जगभर काश्मिरी नीलम म्हणतात तो मणि काश्मीरच्या खोऱ्यांतला नव्हेच. त्याची खाण जम्मूकडील किश्तवाड जिल्ह्यांत पाडर नांवाच्या दुर्गम भागीं आहे. चंद्रभागा नदी या प्रांतांतून वाहते. गुलाबगडाजवळ तिला उत्तरेकडून भोट नाला येऊन मिळतो. या नाल्याच्या कांठानें वर चढत गेलें म्हणजे मचैल हें चंडीमातेचें प्रसिद्ध क्षेत्र लागतें, व त्याच्याही वर सुमजाम हें गांव आहे. गांवाच्या वरच्या अंगास एका आखूड, उघड्या खोऱ्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर म्हणजे जवळजवळ १५ हजार फूट उंचीवर, नीलखाण आहे. पलीकडे सुमारे १७ हजार फुटांवरचा उमासी नांवाचा घाट ओलांडला कीं झांस्कर प्रांत सुरू होतो. वर्षांतून आषाढ ते भाद्रपद एवढे दोन-तीन महिनेच खाणीवरील बर्फ हटतें; बाकीच्या दिवसांत तेथें मनुष्याचा वावर अशक्य असतो.

हा प्रदेश किती अस्थिर आहे याची आठवण नुकतीच झाली. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं मचैलच्या यात्रेच्या वाटेवरील चिशोती गांवीं ढगफुटी होऊन पाणी, चिखल व दगड यांचा लोंढा आला आणि साठांहून अधिक माणसें दगावलीं. कडे कोसळणें व नाले फुटणें ही तेथील नित्याची गोष्ट आहे. अशाच एका कडा कोसळण्यानें नीलखाण उघडी पडली, असें सांगतात.

या प्रांताचा राजकीय इतिहासही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पाडर पूर्वीं चंबा संस्थानाकडे होतें. एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापति जोरावरसिंग यानें तें घेतलें. गुलाबगड हें नांव त्या धन्याचें आहे. पुढें १८४६ सालच्या अमृतसरच्या तहानें काश्मीरचें खोरें गुलाबसिंगाच्या हातीं आलें व जम्मू आणि काश्मीर असें एक राज्य झालें. म्हणजे पाडरचा संबंध काश्मीर या नांवाशीं जोडला गेला तो १८४६ नंतर, आणि तोही राज्याच्या नांवापुरता. अठराव्या शतकांत तेथें एखादा निळा खडा कोणास सांपडला असता तरी तो चंब्याचा म्हणून विकला गेला असता, काश्मीरचा म्हणून नव्हे. एवढा एक मुद्दा जरी आम्हीं त्या वेळीं विचारांत घेतला असता तरी टिपण लिहिण्याचें धाडस झालें नसतें.

४. शोध व पहिलीं वर्षें

खाणीचा शोध १८८१ च्या सुमारास लागला. कडा ढासळून आंतील पांढऱ्या शिरा उघड्या पडल्या आणि त्यांत निळे स्फटिक दिसूं लागले. प्रथम त्यांचें मोल कोणास कळलें नाहीं. कोणी त्यांस निळी गारगोटी समजले. मिठाच्या भारोभार हे खडे दिले गेले, अशी कथा त्या भागांत सांगतात. लाहूलकडील व्यापारी ते घेऊन सिमल्यास येऊं लागले, आणि तेथून ते दिल्लीच्या जवाहिऱ्यांकडे गेले. जवाहिऱ्यांनीं कसोटी लावतांच सर्व प्रकार उघड झाला व भाव भराभर चढले.

व्यापाऱ्यांस आपला माल कोठून येतो हें सांगण्याची हौस नसते. म्हणून या खड्यांबरोबर खाणीचें नांव न येतां वाटेचें नांव आलें. झांस्करचे नीलम असें नांव आरंभीं प्रचारांत आलें. तें पर्वतरांगेच्या दृष्टीनें चुकीचें नसलें तरी झांस्कर प्रांत घाटापलीकडे आहे. हिंदुस्थानच्या भूस्तरशोधन खात्यांतील एफ. आर. मॅलेट यानें १८८२ सालीं त्या खात्याच्या नियतकालिकांत, वायव्य हिमालयांत नव्यानें सांपडलेल्या नीलमण्यांविषयीं लेख लिहिला. या खाणीविषयींचें शास्त्रीय वाङ्मय तेथून सुरू होतें.

जम्मूचे महाराज रणबीरसिंग यांनीं लवकरच खाणीवर शिपायांचा पहारा बसविला व खासगी खोदाई बंद केली. १८८२ पासून १८८७ पर्यंतचीं पांच-सहा वर्षें हाच या खाणीचा खरा सुकाळ होय. मोठमोठे स्फटिक दरबारच्या जामदारखान्यांत गेले. उत्तम म्हणून जे काश्मिरी नीलम आज मिरवतात, त्यांपैकीं फार मोठा भाग या अल्प अवधींतच जमिनीबाहेर आलेला आहे.

पुढें उत्पन्न घटूं लागलें, तेव्हां दरबारनें हिंदुस्थान सरकारकडे तज्ज्ञाची मागणी केली, आणि १८८७ सालीं भूस्तरशोधन खात्याचे टी. डी. ला टूश हे तेथें गेले. मूळ खाण, जिला पुढें जुनी खाण म्हणूं लागले, ती जवळजवळ रिती झालेली त्यांस आढळली. त्यांनीं कड्याखालच्या खोऱ्यांतील माती धुवून पाहिली. तींत कड्यावरून गळून आलेले खडे मिळत होते. त्यांचा वृत्तांत १८९० सालीं प्रसिद्ध झाला. तो आम्हीं अलीकडे वाचला. संग्राहकानें वस्तु जेथली तेथें जाऊन कशी पाहावी याचा तो चांगला नमुना आहे: शीर कोणत्या दगडांतून जाते, खडा शिरेंत मिळाला कीं मातींत, हें त्यांत वेगवेगळें नोंदलें आहे.

५. खाणीची भूरचना

असा मणि त्याच एका जागीं कां व्हावा, या प्रश्नाचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. सुमजामच्या वरच्या डोंगरांत नाइस नांवाचे पट्टेदार खडक व संगमरवराचे थर आहेत. हिमालयाच्या उत्थानकाळीं प्रचंड दाब व उष्णता यांनीं ते पालटलेले आहेत. या थरांत मधूनमधून हिरवट, जड, मॅग्नेशियमयुक्त खडकाचीं भिंगाच्या आकाराचीं कांहीं ढेपळें अडकून राहिलीं आहेत. या हिरव्या खडकांत सिलिका, म्हणजे गारगोटीचें द्रव्य, फार कमी असतें.

पुढें खालून पेग्मटाईट नांवाच्या भरड कणांच्या पांढऱ्या खडकाच्या शिरा वितळलेल्या स्थितींत वर घुसल्या. पेग्मटाईटांत सिलिका विपुल असते. ह्या शिरा जेथें साध्या नाइसांतून गेल्या तेथें कांहींच विशेष झालें नाहीं. परंतु जेथें त्या हिरव्या खडकांत शिरल्या, तेथें भुकेला व संपन्न यांची गांठ पडावी तसें झालें. हिरव्या खडकानें शिरेंतील सिलिका ओढून घेतली. एरव्हीं ॲल्युमिनियम हें सिलिकेशीं संयोग पावून फेल्डस्पारांत बांधलें जातें. पण सिलिकाच निघून गेल्यामुळें जें ॲल्युमिनियम उरलें त्याला प्राणवायूशींच संयोग करून राहावें लागलें. तोच कुरुंद. हिरव्या खडकांतून लोह व शिरेंतून इतर द्रव्यें अल्प प्रमाणांत मिळालीं व त्यास निळा रंग चढला. म्हणून ज्या शिरेंत कुरुंद आहे तींत गारगोटी आढळत नाहीं. एक असेल तेथें दुसरें नाहीं, ही भूस्तरवेत्त्यांची मोठी खूण आहे. हिरव्या खडकाचीं ढेपळें मोजकीं, त्यांना छेदणाऱ्या शिरा त्याहून मोजक्या. त्यामुळें सबंध डोंगर पालथा घातला तरी मण्यांची जागा ओंजळभरच राहिली.

स्फटिक फेल्डस्पाराच्या गांठोळ्यांत बसलेले असतात, व तो फेल्डस्पार बहुतेक ठिकाणीं कुजून पांढरी, मऊ चिनी माती झालेला आहे. जुन्या खाणींतील स्फटिक कुदळीच्या फार घावांशिवाय हातीं आले त्याचें कारण हेंच. त्यांचा आकार दोन्ही टोकांस निमुळता, चातीसारखा असतो. सोबतीस तपकिरी टुर्मलीनाचे कण चिकटलेले असतात. रंग सर्व स्फटिकांत सारखा पसरलेला नसतो. मधला भाग फिका अथवा वर्णहीन व टोंकाकडे गर्द निळा, असें वारंवार दिसतें, आणि ती निळाई खड्याच्या तोंडाशीं कशी आणावी यांत कापणाऱ्याचें कसब लागतें.

या मण्याची कीर्ति मात्र रंगाहून अधिक त्याच्या कांतीमुळें आहे. त्यांत अतिसूक्ष्म कणांची धूळ पसरलेली असते. तींतून जाणारा प्रकाश विखुरतो व खडा मखमलीसारखा मऊ, किंचित् दुधाळ दिसतो. झोंप नुकतीच उडालेल्या डोळ्याप्रमाणें, असें वर्णन सुचतें. गरुडपुराणांत जो मणि शंभरपट दुधांत टाकला असतां दूध निळें करितो त्यास महानील म्हटलें आहे. तें वर्णन सिंहलाच्या मण्याचें आहे हें आम्ही जाणतों. पण प्रथम टिपण लिहितांना दुधाची ती उपमा व काश्मिरी मण्याची दुधाळ कांति यांचा मेळ घालण्याचा मोह आम्हांस झाला होता, हेंही कबूल केलें पाहिजे. सादृश्य म्हणजे पुरावा नव्हे.

६. पुढील खोदाई व संग्रह

१८८७ नंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. महाराज प्रतापसिंगांच्या कारकीर्दींत, १९०६ सालापासून, काश्मीर मिनरल कंपनीनें कांहीं हंगाम काम केलें. हवामान व वाट यांपुढें तिचा टिकाव लागला नाहीं. पुढें भूस्तरशोधन खात्यांतून निवृत्त झालेले सी. एस. मिडलमिस हे संस्थानच्या खनिजशोधन खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या देखरेखीखालीं पुन्हां पाहणी झाली, व १९२७ सालीं त्या खात्याचे लाला जोतिप्रसाद यांनीं जुन्या खाणीशेजारीं नव्या शिरा उघडल्या. त्यांतून कुरुंद बराच निघाला. पण पहिल्या दिवसांतील मण्याची सर त्यास क्वचितच आली. ए. एम. हेरन यांचा लेख १९३० सालीं व मिडलमिस यांचें विवरण १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. १९४७ नंतरही सरकारी रीत्या मधूनमधून खोदाई झाली. १९८३ सालीं ॲटकिन्सन व कोठावाला या दोघांनीं या मण्याविषयींची माहिती एकत्र करून एक विस्तृत निबंध लिहिला. नवीन अभ्यासकांनीं तेथून आरंभ करावा.

संग्राहकांच्या दृष्टीनें या खाणीची कथा दुःखाची आहे. निघालेला प्रत्येक चांगला स्फटिक कापला गेला. मूळ मातृखडकासह, निघाल्या जागेच्या नोंदीसह जपलेले नमुने संग्रहालयांत फार थोडे आहेत. खडा कापला म्हणजे त्याच्या अंगावरील फेल्डस्पार, टुर्मलीन, माती हे सारे साक्षीदार नाहींसे होतात. मग राहतें तें केवळ विकणाऱ्याचें तोंड. आज एखादा जुना नीलम काश्मिरी आहे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं प्रयोगशाळांतून सूक्ष्मदर्शकाखालीं आंतील कणांचें परीक्षण करावें लागतें. कारण सिंहल व मादागास्कर येथील कांहीं मणि दिसण्यांत त्याच्या फार जवळ जातात. या निर्णयावर केवढी रक्कम अवलंबून असते हें एका उदाहरणावरून कळेल. २०१५ सालीं हाँगकाँग येथील लिलांवांत २७.६८ कॅरट वजनाचा एक काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख अमेरिकन डॉलरांस गेला. तोच खडा दुसऱ्या स्थलाचा ठरता तर त्या किंमतीचा अल्पांशही आला नसता. १८८१ सालीं सिमल्याच्या व्यापाऱ्यानें एक चिठी लिहून ठेवली असती तर आज एवढा खटाटोप करावा लागला नसता.

७. समासांतील ओळ

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खाण १८८१ च्या सुमारास उघडली. त्यापूर्वीं तेथील मणि महाराष्ट्रांत येण्याचा संभव दिसत नाहीं, आणि आला असता तरी त्यास काश्मिरी म्हणण्याचें कारण नव्हतें. तेव्हां समासांतील ओळीच्या दोनच उपपत्ति शक्य आहेत. एक अशी कीं ती ओळ १८८१ नंतरची आहे. दुसरी अशी कीं ओळ जुनी असून, काश्मिरी हें विशेषण विकणाऱ्याचें आहे. सोपाऱ्याच्या हिऱ्याप्रमाणें, काश्मिरी सौदागराकडून घेतलेला सिंहली नीलम. यांपैकीं कोणतीही उपपत्ति घेतली तरी आमच्या टिपणांतील विधान उभें राहत नाहीं.

दोहोंपैकीं कोणती खरी हें पाहण्याकरितां आम्हीं ती पोथी पुन्हां बाहेर काढली व भिंगाखालीं धरली. हें काम प्रथमच करावयास हवें होतें. ग्रंथाचीं अक्षरें बोरूचीं आहेत. रेघ भरीव, टोंकें रुंद. समासांतील मोडी ओळ मात्र निराळी आहे. जेथें हात दाबला गेला आहे तेथें रेघेच्या दोन्ही कडा गडद व मध्यें फिकी फट दिसते. पोलादी टांकाचें टोंक दबून फांकलें म्हणजे अशी दुहेरी रेघ उमटते. बोरूनें ती उमटत नाहीं. असा टांक आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांतून रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. यावरून पहिली उपपत्तिच आम्हांस अधिक ग्राह्य वाटते. दिल्लीच्या पेठेंत गाजलेल्या नव्या मण्याची वार्ता ऐकून, पोथी ज्याच्या घरीं होती त्या कोणा जवाहिऱ्यानें अथवा हौशी शास्त्र्यानें ती ओळ समासांत टिपून ठेवली असावी. तसें असेल तर ती ओळ अगदींच निरुपयोगी ठरत नाहीं. अठराव्या शतकाचा पुरावा म्हणून ती बाद झाली. पण पाडरच्या मण्याची कीर्ति मोडी लिहिणाऱ्या पिढीच्या हयातींतच दक्षिणेंत पोंचली होती, याची ती लहानशी साक्ष आहे. आमच्या पूर्वीच्या टिपणाचा ज्यांनीं आधार घेतला असेल त्यांनीं तो सोडून द्यावा, अशी त्यांस विनंति आहे.

दुसरीही एक चूक त्याच वेळीं लक्षांत आली. पोथीच्या बासनावर आम्हीं, ज्या गांवीं ती विकत घेतली त्या गांवाचें नांव लिहून ठेवलें होतें. वीस वर्षांत तेंच तिचें लेखनस्थान अशी आमची समजूत होऊन बसली. वस्तुतः लेखनस्थान सांगणारें शेवटचें पत्रच गहाळ आहे. सिमल्याच्या व्यापाऱ्यास दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपलें बासन पाहावयास पाहिजे होतें. आतां आम्ही प्रत्येक बासनावर तीन रकाने आंखतों: कोठें मिळाली, देणारा काय सांगतो, आणि पोथी स्वतः काय सांगते. तिसरा रकाना पुष्कळदां कोराच राहतो. संग्राहक मित्रांनींही असेंच करावें, व कोरा रकाना अंदाजानें भरण्याची घाई करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे. इत्यलम्.